त्रुव्हिलच्या समुद्रकिनाऱ्याचं चित्र, लिथोग्राफ म्हणून घेतलंय, जाणकारांनी मदत करा

सागरगोटी

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चित्रकलेतलं मला फार कळत नाही पण इथे कळणारे बरेच आहेत हे बघितलंय म्हणून.

मी फ्रान्समधे रूआँला राहते. गेल्या महिन्यात एका रविवारी त्रुव्हिलला गेलो होतो, लिझियोला गाडी बदलली की पुढे थोडक्यात समुद्र. नदीच्या एका बाजूला त्रुव्हिल, दुसऱ्या बाजूला दोव्हिल, स्टेशन दोघांचं मिळून एकच. किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे, त्याच्यावरून चालत गेलं की शेवटाकडे ते जुनं रोश नुआर हॉटेल दिसतं, आता तिथे लोकांची घरं आहेत. पोरं वाळूत खेळत होती म्हणून मी मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता तिकडे चक्कर मारायला गेले आणि एका टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेली ही फ्रेम दिसली.

चित्रात दोन बायका वाळूवर खुर्च्या टाकून बसल्यात. डावीकडची पांढऱ्या कपड्यात, टोपीवर फुलं, चेहरा असा काढलेलाच नाही, दोन-चार फटकाऱ्यांत उरकलाय. उजवीकडची काळ्या कपड्यात, मान खाली. दोघींच्या हातात छत्र्या. मधे एक रिकामी खुर्ची. मागे माणसांचे नुसते ठिपके आणि वर वाऱ्याने पळणारे ढग. विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं, हा मोनेचा, म्हणजे त्या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचा लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) आहे. ३५ युरो. मी घासाघीस न करता घेतलं, कारण तो वारा मी दहा मिनिटांपूर्वी अंगावर घेऊन आले होते.

आता घरी आल्यावर शंका सुरू झाल्या. मोनेने खरंच लिथोग्राफ केलेत का? हे दगडावरचं आहे की साधं पोस्टर? फ्रेम मागून कागदाने चिकटवून बंद केलीय, उघडायला हात धजावत नाही. माझे बाबा पुण्यात एका छापखान्यात तीस वर्षं मशीनवर होते, त्यांचं छपाई बघायचं भिंग माझ्याकडे आहे, ते गेल्यावर मी तेवढंच मागून घेतलं होतं. ते लावून काय बघायचं ते कोणी सांगेल का?

मिताली

मस्त धागा! हे मूळ चित्र म्हणजे मोनेचं १८७० चं 'त्रुव्हिलचा किनारा', लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फोटोत वाटतं मोठं असेल पण जेमतेम ३८ बाय ४६ सेंमी आहे, मांडीवर मावेल एवढं. डावीकडची मोनेची बायको कामीय आणि उजवीकडची बहुतेक चित्रकार बूदाँची बायको असं मानतात. मधल्या खुर्चीच्या पाठीला जे काही लटकलंय तो लहान मुलाचा बूट असावा, वाळत घातलेला.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्या चित्राच्या रंगात खरी वाळू आहे. किनाऱ्यावर बसून रंगवत असताना वाऱ्याने उडालेले कण आणि शिंपल्यांचा चुरा ओल्या रंगात चिकटला तो अजून तसाच आहे. म्हणजे निदान या चित्राचं बरंचसं काम त्याने उघड्यावर, तिथेच बसून केलं याचा पुरावा चित्रातच आहे.

सागरगोटी

मितालीताई, अंगावर काटा आला हे वाचून. वाळूचं मला अजिबात माहिती नव्हतं.

खडूवाला

ताई, मी मुद्राचित्रण शिकवतो, लिथो हाच माझा विषय, त्यामुळे जरा लांबण लावणार, सांभाळून घ्या.

आधी भिंगाचं. आकाशाचा फिकट भाग घ्या, गडद नको. तिथे जर एकसारख्या अंतरावर बारीक ठिपके दिसले, निळे, गुलाबी, पिवळे, काळे, आणि ते मिळून छोट्या छोट्या फुलांसारखी नक्षी दिसली तर ते ऑफसेट, तुमच्या बाबांनी जन्मभर जे केलं ते फोर कलर. ते ठिपके यंत्राने पाडलेले असतात, त्यामुळे त्यांची रांग मोडत नाही. लिथोग्राफमधे तशी रांग नसते. खडूने काढलेला भाग असेल तर खडबडीत भिंतीवर कोळशाने रेघ ओढल्यासारखं दिसेल, कुठे लागलं कुठे सुटलं असं. शाईने काढलं असेल तर सपाट डाग दिसतील. कधी कधी हाताने टिंबं टिंबं देऊन छटा केलेली असते, पण हाताची टिंबं म्हणजे एक मोठं एक लहान, लगेच कळतं. घरात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी असेल त्यांनी तिच्या गालावर भिंग लावून बघा, सगळा गाल हाताने दिलेल्या टिंबांचा आहे.

दुसरं, रंग जिथे संपतात त्या कडा बघा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे कागद तितक्या वेळा प्रेसमधून जातो, आणि कितीही जपलं तरी एखादा रंग केसभर सरकतो.

तिसरं, चित्राभोवती कागद दबून चौकट उठलीय का? ती असेल तर तो तांब्याच्या प्लेटवरचा छाप, एचिंग वगैरे. लिथोला तशी चौकट नसते.

नोटा तपासायचा जांभळा दिवा कोणाकडे मिळाला तर अंधारात कागदावर धरून बघा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी जो पदार्थ घालतात तो निळसर चमकतो. चमकला तर कागद अलीकडचा. नाही चमकला तर जुना असू शकतो, नक्की असं नाही.

मोनेबद्दल उद्या लिहितो, आत्ता वर्ग आहे.

अण्णा ठाणेकर

खडूवाले साहेब, येऊ द्या अजून. वाचनखूण साठवली.

अवांतर आहे पण राहवत नाही. आपल्याकडे याला शिळाप्रेस म्हणायचे, शिळाछाप पोथी हा शब्द आमच्या घरात आजीच्या तोंडी होता. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मधे पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. मग पुण्यात १८७८ ला चित्रशाळा निघाली, चिपळूणकरांच्या पुढाकाराने, तिथून देवादिकांची आणि पेशव्यांची रंगीत चित्रं घरोघर गेली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. म्हणजे पॅरिसमधे ज्या काळात चित्रकार रंगीत लिथोच्या मागे लागले होते त्याच काळात तेच तंत्र आपल्या देव्हाऱ्यात येऊन बसलं होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, म्हणून लिहिली.

सागरगोटी

अण्णा, अवांतर कसलं, बाबा असते तर तुमच्याशी तासभर बोलले असते.

भिंग लावलं! रात्री पोरं झोपल्यावर टेबलावर दिवा घेऊन बसले. काचेवरूनच बघितलं त्यामुळे थोडं लांब पडतंय पण फुलांची नक्षी नाहीये. नक्की नाहीये, ती मला झोपेत पण ओळखू येईल, लहानपणी बाबांबरोबर कॅलेंडरवर हेच बघायचे मी. आकाशात निळा रंग तुटक तुटक आहे, जात्याच्या पाळीवर पीठ भुरभुरलं की जसं दिसतं तसं. वाळूच्या भागात एक फिकट पिवळा, त्याच्यावर राखाडी, त्याच्यावर कुठे कुठे तपकिरी. आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या खांद्यापाशी पिवळा रंग बाहेर आलाय, अगदी नखाच्या कडेएवढा. दाबाची चौकट नाही. मी सहा रंग मोजले, सातवा आहे की दोघांचं मिश्रण ते कळत नाही.

खाली उजवीकडे १४०/३०० असं पेन्सिलीने लिहिलंय. सही छापातलीच आहे, पेन्सिलची नाही.

बाबल्या

अरे वा म्हणजे ओरिजिनल! नंबर आहे म्हणजे मर्यादित प्रती. अभिनंदन, ३५ युरोत लॉटरी लागली. लिलाववाल्यांना दाखवा लगेच.

नीरव

बाबल्याशेठ, थांबा. आनंदावर पाणी टाकायचं नाही पण ताईंनी या आशेवर पुढे पैसे घालवू नयेत म्हणून स्पष्ट लिहितो. नंबराने काहीही सिद्ध होत नाही. एकोणिसाव्या शतकात छापांवर असे नंबर टाकायची सरसकट पद्धतच नव्हती, ती नंतर रुळली. आणि नंबर पेन्सिलीने कोणीही टाकू शकतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एका दुकानाकडून १८ हजार रुपये देऊन एक 'लिथोग्राफ' घेतला, नंबर होता, प्रमाणपत्र होतं, सोनेरी स्टिकर होता. घरी आल्यावर मित्राने भिंग लावलं आणि सगळीकडे यंत्राचे ठिपके. दुकानाने पैसे परत दिले नाहीत, म्हणे लिथो म्हणजे ऑफसेट लिथोच की. शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा पण घेणाऱ्याला फसवायला वापरलेला. ते १८ हजार मी आईच्या साठाव्या वाढदिवसासाठी साठवले होते, म्हणून अजून सलतं.

माझं मत असं की चित्रकाराने स्वतः दगडावर काम केलं असेल तरच लिथोग्राफ म्हणावं. बाकी सगळं छापील नक्कल म्हणून विकावं.

खडूवाला

नीरव, तुमचं दुःख कळतं. असे लोक दर महिन्याला माझ्याकडे येतात, बहुतेक रिकाम्या हाताने परत जातात. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, का ते सांगतो.

आधी मोने. मोनेने स्वतः दगडावर काम केलेलं नाही, त्याच्या हातचा लिथोग्राफ नाही. त्याच्या हयातीत थॉर्नली नावाच्या लिथोग्राफरने त्याच्या चित्रांवरून एक संच केला, एकेका रंगाच्या शाईत, आणि त्यातल्या काही प्रतींवर दोघांच्याही सह्या आहेत. याच थॉर्नलीने १८८८-८९ च्या सुमारास एदगार दगा या चित्रकाराच्या चित्रांवरून १५ लिथोग्राफ केले होते. म्हणजे मोनेला दुसऱ्याने आपलं चित्र दगडावर उतरवणं कमीपणाचं वाटत नव्हतं, नाहीतर त्याने सही केली नसती.

त्या पिढीला लिथो नवा नव्हता. दोमिएने वर्तमानपत्रांसाठी जवळजवळ ४००० लिथोग्राफ केले, सगळं पॅरिस त्याची व्यंगचित्रं बघत मोठं झालं. मोने स्वतः ल हाव्र या बंदराच्या गावी पोरवयात व्यंगचित्रं काढून विकायचा, आणि ती पॅरिसहून छापून येणाऱ्या व्यंगचित्रांच्या धाटणीची असायची. पण लिथो म्हणजे स्वस्त, पेपरातलं, म्हणून चित्रकार त्याच्यापासून लांब राहिले. १८९० नंतर व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याने त्यांना दगडाकडे आणलं आणि छापायला होता ऑग्युस्त क्लो. चित्रकार रेन्वाची ती टोपीला फुलं टाचणाऱ्या मुलींची प्रसिद्ध रंगीत लिथो १८९८ ची, ती क्लोनेच छापलीय.

आता खरी गंमत. चित्रकार सेझानचे 'स्नान करणारे', मोठी आवृत्ती, १८९६ ते ९८ च्या दरम्यानची. सेझानने दगडावर रेखाटन केलं. मग एका छापावर त्याने हाताने रंग भरले, आणि तो नमुना समोर ठेवून रंगांचे दगड क्लोच्या छापखान्यात तयार झाले. मग आता तो लिथोग्राफ सेझानचा की नाही? नीरवभाऊंच्या व्याख्येने अर्धा म्हणावा लागेल. पण जगातलं कुठलंही संग्रहालय तो सेझानचाच म्हणून लावतं.

ताईंकडे जे आहे ते माझ्या अंदाजाने मोनेच्या चित्रावरून एखाद्या कारागिराने रंग वेगळे करून दगडावर किंवा जस्ताच्या प्लेटवर हाताने काढलेलं काम आहे, मोनेच्या नंतरचं. या कारागिरांना तिकडे क्रोमिस्त म्हणतात. तो माणूस चित्रासमोर बसून डोळ्यांनी ठरवायचा की या राखाडीत निळा किती आणि तपकिरी किती, आणि प्रत्येक रंगासाठी सगळं चित्र परत काढायचा. तेही उलटं, कारण दगडावर डावीकडचं छापताना उजवीकडे जातं. आधी ट्रेसिंग करायचं, मागून गेरूसारखी लाल पूड चोळून दगडावर उमटवायचं, मग समोर आरसा ठेवून काढायचं. सहा रंग म्हणजे कामीयची टोपी सहा वेळा काढली, उलटी. याला नुसती नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण विकताना स्पष्ट लिहिलंच पाहिजे की मोनेचा नव्हे, मोनेवरून. त्या बाबतीत नीरव शंभर टक्के बरोबर.

नीरव

क्लोचं माहिती नव्हतं. विचार करायला लावलंत. कारागिराच्या मेहनतीबद्दल माझा वाद नाहीच, माझा वाद त्याचं नाव लपवून मोनेचं नाव पुढे करण्याशी आहे. त्या क्रोमिस्तचं नाव कागदावर का नसतं? ते असतं तर मी ते चित्र त्याच्या नावाने घेतलं असतं.

खडूवाला

यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त खेद आहे. फ्रेंच रीतीत चित्राखाली 'द'आप्रे' असं लिहितात, म्हणजे अमक्याच्या चित्रावरून. ताई, फ्रेमवाल्याकडून मागचा कागद कापून घ्या आणि माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खाली दडलेला समास बघा. बरेचदा तो मजकूर माउंटने मुद्दाम झाकलेला असतो. घरी करू नका, जुना कागद ठिसूळ असतो, चिकटपट्टी ओढलीत तर चित्रासकट निघेल.

मिताली

थोडं चित्राबद्दल पण बोलू या ना, सगळं छपाईवर चाललंय.

१८७० चा तो उन्हाळा डोळ्यासमोर आणा. मोने आणि कामीयचं लग्न २८ जूनला पॅरिसला झालं, मुलगा ज्याँ तेव्हा जवळजवळ तीन वर्षांचा होता. तिघं त्रुव्हिलला आले. जुलैच्या १९ तारखेला फ्रान्स-प्रशिया युद्ध जाहीर झालं. आणि हा माणूस वाळूवर बसून छत्र्या रंगवतोय. पैसे नव्हतेच. शरदात तो लंडनला निघून गेला. म्हणजे चित्रात जे सुटीचं वातावरण आहे ना ते अगदी काठावरचं आहे, महिन्या-दोन महिन्यांत सगळं बदललं.

त्रुव्हिल त्या वेळी पॅरिसच्या पैसेवाल्यांचं गाव झालं होतं, १८६३ ला रेल्वे आली आणि सकाळी निघून त्याच दिवशी समुद्रावर पोचता यायला लागलं. डॉक्टर समुद्रस्नान लिहून द्यायचे. चाकांच्या लाकडी खोल्या पाण्यापर्यंत ढकलत न्यायच्या म्हणजे बायकांना आत कपडे बदलून थेट पाण्यात उतरता यायचं. आणि बाकी लोक पूर्ण कपड्यात, मोजे, हातमोजे, टोपी, छत्री, सगळं लेवून वाळूवर बसायचे, नुसतं बघायला आणि दिसायला.

बूदाँ हे सगळं मोनेच्या आधीपासून रंगवत होता. ऑनफ्लरचा, दर्यावर्दीचा मुलगा, १८२४ चा जन्म. त्याच माणसाने पोरसवदा मोनेला ल हाव्रमधे व्यंगचित्रांतून उठवून उघड्यावर नेलं. मोने ते ऋण आयुष्यभर मान्य करायचा. पण याच बूदाँने १८६७ मधे, फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातल्या कष्टकरी लोकांत राहून परत आल्यावर लिहिलं होतं की त्रुव्हिलचा किनारा, जो त्याला आवडायचा, तो आता एक भयंकर सोंगांचा बाजार वाटतो. तरी त्याने ते लोक रंगवायचं सोडलं नाही, मान खाली घालून रंगवत राहिला. मला त्याची ती घालमेल त्याच्या चित्रांत दिसते, तो माणसं लहान करतो आणि आकाश मोठं.

मोने तसं करत नाही. तो जवळ जाऊन बसतो. कारण ती त्याची बायको आहे.

बाबल्या

मिताली, शेवटची दोन वाक्यं वाचून थांबलो दोन मिनिटं. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी फक्त पैशाचं बोललो. खडूवाले, एक प्रश्न, दगडच का? साधा प्रश्न आहे पण खरंच कळलं नाही.

खडूवाला

बाबल्या, चांगला प्रश्न आहे, हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारणारा विद्यार्थी मला आवडतो.

सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या वैराचा. जर्मनीत बव्हेरियातल्या झोल्नहोफेनला एक चुनखडीचा दगड मिळतो, अतिशय बारीक पोताचा. १७९६ मधे झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती, तो या दगडावर प्रयोग करत होता. तो स्वतःच सांगतो की आईने धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितली, कागद हाताशी नव्हता म्हणून त्याने दगडावर तेलकट शाईने लिहिली, आणि तिथून सुरुवात झाली.

दगडावर चरबी, मेण, साबण आणि काजळी यांच्या खडूने काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात अगदी थोडं नायट्रिक ॲसिड घालून ते फिरवायचं. त्याने जिथे खडू आहे तिथली चरबी दगडात घट्ट बसते आणि जिथे नाही तिथे दगड पाणी धरून ठेवायला शिकतो. आता ओला स्पंज फिरवला की कोरी जागा ओली होते, खडूची जागा पाणी झटकते. वर शाईचा रोलर फिरवला की शाई ओल्या जागेला शिवत नाही, फक्त खडूवर बसते. कागद ठेवायचा, दाब द्यायचा, झालं. खोदकाम नाही, उठाव नाही, दगड सपाटच. म्हणून चित्रकाराचा हात जसा चालला तसाच छापतो.

आणि आता ताईंसाठी एक गोष्ट, मी कालपासून यावरच विचार करत होतो. दगड नवीन चित्रासाठी तयार करताना आधीचं चित्र घासून काढावं लागतं. दोन दगड एकावर एक ठेवून मधे पाणी आणि वाळू घालायची, आणि वरचा दगड आठच्या आकड्यात फिरवत राहायचं, तासभर, हात भरून येईपर्यंत. हल्ली कार्बोरंडम नावाची घासायची कठीण पूड वापरतात, पूर्वी वाळूच. आधी जाडी, मग मध्यम, मग बारीक. त्या वाळूने दगडाला जो कण येतो, त्याच कणावर खडू कुठे लागतो कुठे सुटतो. ताईंनी आकाशात जात्यावरचं पीठ म्हणून जे वर्णन केलं ना, ते अचूक आहे, तो दगडाचा कण आहे. मितालीताई म्हणाल्या की मोनेच्या रंगात किनाऱ्याची वाळू आहे. ताई, तुमच्या कागदावर वाळू चिकटलेली नाही, पण तुम्हाला भिंगातून जे दिसलं ते वाळूनेच केलंय.

सागरगोटी

खडूवाले दादा, हे वाचून मी बाबांचं भिंग घेऊन परत बसले आणि रडले थोडी. बाबा सुरुवातीला ज्या छापखान्यात होते तिथे मागच्या अंगणात असे जुने दगड पडलेले होते, एकावर बसून ते डबा खायचे असं आईने आत्ता फोनवर सांगितलं. पुढे ते फरशी म्हणून कुठेतरी गेले.

अण्णा ठाणेकर

सागरगोटी, असे दगड पुण्या-मुंबईत कितीतरी ठिकाणी पायरीला, मोरीला लागलेत. पिवळसर राखाडी, कडा गोल झालेल्या, आणि पाणी पडलं की पुसट अक्षरं दिसतात, उलटी. कोणाच्या घरी असेल तर जपा, फोडून टाकू नका, कृपा करून. खडूवाल्यांसारखे लोक आनंदाने घेऊन जातील.

खडूवाला

अण्णा, स्वखर्चाने टेम्पो घेऊन येईन.

सागरगोटी

मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, सांगण्यासारखं आहे.

पहिलं, फ्रेम उघडली. इथे एक म्हातारी फ्रेमवाली आहे, तिने पातळ सुरीने मागचा कागद सोडवला, अर्धा तास लागला, एक शब्द न बोलता. माउंट उचललं आणि खालच्या समासात बारीक अक्षरांत, दादांनी सांगितलं होतं तसंच, 'द'आप्रे क्लोद मोने'. पुढे अजून एक ओळ असणार पण तिथे कागद कापलाय, अक्षरांची वरची टोकं तेवढी उरलीत. ते छापणाऱ्याचं किंवा त्या क्रोमिस्तचं नाव असेल, आता कधीच कळणार नाही. नीरवदादा, तुम्ही म्हणालात ते त्या क्षणी पटलं, फार वाईट वाटलं. जांभळा दिवा तिच्याकडे होता, कागद चमकला नाही. काच नसताना भिंग लावल्यावर सातवा रंग पण सापडला, फिकट गुलाबी, फक्त टोपीवरच्या फुलांत आणि एका गालावर. एवढ्याशा जागेसाठी पूर्ण एक दगड.

दुसरं, मी लंडनला जाऊन आले! दिएपहून न्यूहेवनची बोट, चार तास, पोरांना घेऊन. नॅशनल गॅलरीत तिकीट नाही हे किती बरं आहे. खोली सापडेपर्यंत धाकटा कंटाळला होता. मिताली, खरंच एवढंसं आहे ते. मी हात मागे बांधून जितकं जवळ जाता येईल तितकी गेले. रंगावर बारीक खडबडीत कण आहेत, आधी वाटलं धूळ आहे, मग डोकं थोडं हलवलं की उजेडात एक-दोन चमकतात. थोरल्याला दाखवलं तर तो म्हणाला, आई हे आपल्या बुटातल्यासारखं आहे.

मग त्या रिकाम्या खुर्चीवरचा बूट शोधला. मूळ चित्रात तो नीट बूट पण नाहीये, काहीतरी मऊ, गडद लटकलंय एवढंच. घरी येऊन माझ्या कागदावर बघितलं तर त्या कारागिराने तिथे निळ्या दगडावर तीन छोटे फटकारे दिलेत आणि तपकिरी दगडावर एक, आणि बूट आहे की नाही हे मोनेसारखंच मोघम ठेवलंय. तो तिथे नेमका थांबला. स्पष्ट बूट काढायचा मोह झाला असेल ना?

फ्रेम पुढच्या शुक्रवारी मिळेल. माउंटची खिडकी खालून दोन बोटं मोठी कापायला सांगितलीय, म्हणजे 'द'आप्रे' आणि त्या कापलेल्या ओळीची टोकं काचेतून दिसतील.

नीरव

फोटो टाका लावल्यावर. समासासकट.